मधला आकडा गळला: चुकीचे टायर बसवलेल्या एका गाडीचं प्रकरण

टायरच्या तक्रारींत सगळ्यात अवघड तक्रार कोणती, तर टायर नवाकोरा आहे, रिमवर घट्ट बसलाय, हवा धरतोय, गाडी सरळ चालतेय आणि तरीही तो त्या गाडीचा टायर नाही. फुटलेला टायर नुसता दाखवला तरी पुरतो. इथे आकडे वाचून दाखवावे लागतात. समोरच्याला ते वाचायचेच नसले की गाडं "काही होत नाही, बिनधास्त चालवा" या वाक्यापाशी रुतून बसतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, गाडीच्या बाबतीत हेच झालं. प्रकरण शेवटी मार्गी लागलं, पण त्यात कुठला मुद्दा लावून धरायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे ठरवण्यात बरीच शक्ती गेली. ते सगळं इथे क्रमाने मांडतो.

काय घडलं

ताईच्या गाडीचे चारही टायर बदलायला आले होते. टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे बारीक उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला असं धरतात. ताईचे पुढचे दोन त्या टप्प्याला पोचले होते आणि मागचे पोचतच होते. तिने नेहमीच्या गॅरेजला फोन केला, गाडीचं मॉडेल सांगितलं आणि म्हणाली, "आत्ता आहेत तसेच चार टाका." थोड्या वेळाने गॅरेजकडून मेसेज आला: "२०५ - आर १६, ४ नग, फिटिंग व बॅलन्सिंगसह", खाली रक्कम. तिने "चालेल" कळवलं. गाडी सकाळी सोडली आणि संध्याकाळी घेऊन आली. बिलावर एवढंच होतं: "टायर १६ इंची, ४ नग."

त्या मेसेजमधून मधला आकडा गळला होता. टायरचं माप तीन आकड्यांचं असतं: रुंदी, रुंदीच्या मानाने बाजूच्या भिंतीची उंची आणि रिमचा व्यास. बोलताना सगळेच पहिला आणि शेवटचा सांगतात, "दोनशे पाच सोळा" म्हणतात आणि मधल्याला सोडून देतात. दुकानात समोरासमोर असताना ते खपून जातं, कारण टायरवाला चाकाकडे बघून घेतो. फोनवर मात्र तो यादी उघडतो आणि मॉडेलपुढे जे माप पहिलं दिसेल ते धरतो. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटला कंपनीने वेगळी मापं दिलेली असतात, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर टायर मागवणं कधीच पुरेसं नसतं.

हे उघडकीला आलं ते दुसऱ्याच कारणाने. मी ताईकडे गेलो होतो. गाडी उभी होती, नवे टायर आहेत म्हणून बघायला वाकलो, तर पुढच्या एका टायरच्या बाहेरच्या अंगावर "इनसाइड" हा शब्द दिसला. काही टायरची नक्षी दोन बाजूंना वेगळी असते. बाहेरच्या बाजूचे ठोकळे मोठे आणि ताठ असतात, वळणावर गाडीचा जोर तिथे येतो म्हणून. आतल्या बाजूला पाणी बाहेर फेकायला खाचा जास्त असतात. अशा टायरच्या एका अंगावर "आउटसाइड" आणि दुसऱ्यावर "इनसाइड" असं ठळक लिहिलेलं असतं. उरलेल्या तिन्ही टायरवर बरोबर "आउटसाइड" बाहेर होतं, हा एकच उलटा बसला होता. एक शब्द न वाचता टायर बसवला गेला असेल, तर आकडे तरी वाचले असतील का, अशी शंका आली आणि मी गुडघ्यावर बसून पूर्ण अंग वाचलं.

२०५/५५ आर १६ ९१ व्ही.

चालकाचं दार उघडल्यावर चौकटीच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं. हवा किती भरायची ते बघायला आपण ते वाचतो, पण त्यावर टायरचं मापही असतं. ताईच्या गाडीच्या स्टिकरवर होतं: २०५/६० आर १६ ९२ एच. मग डिकीतली स्टेपनी काढली. ती गाडीबरोबर आलेली, फारशी न वापरलेली, पूर्ण मापाची. तिच्यावरही २०५/६० आर १६ ९२ एच. जुने चार टायर गॅरेजने ठेवून घेतले होते आणि ते भंगारात गेलेही होते, पण स्टेपनी गाडीतच होती. पुढे सगळ्या बोलण्यात सर्वांत भक्कम साक्ष तिचीच ठरली.

फरक किती आणि कशात

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सहज होणारा हा हिशेब आहे. तो स्वतः केल्याशिवाय गॅरेजमध्ये जाऊ नये असं माझं मत आहे, कारण हिशेब केलेला माणूस आवाज चढवत नाही.

२०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२३ मिलिमीटर. रिमचा व्यास १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. भिंत वर एकदा आणि खाली एकदा मोजली जाते, म्हणून पूर्ण चाकाचा व्यास ४०६.४ अधिक २४६, म्हणजे ६५२.४ मिलिमीटर. बसवलेल्या टायरची भिंत २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५, आणि पूर्ण व्यास ६३१.९. व्यासात साधारण साडेवीस मिलिमीटरचा फरक, टक्केवारीत ३.१. गाडीच्या खाली जमिनीपासूनचं अंतर त्याच्या निम्म्याने, म्हणजे एक सेंटिमीटरने कमी झालं.

याचा परिणाम मीटरवर होतो. गाडी चाकाच्या फेऱ्या मोजते आणि एका फेरीत किती अंतर जातं हे तिला कारखान्यात शिकवलेलं असतं. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतराला फेऱ्या जास्त होतात. कागदावरच्या हिशेबाने जुन्या मापाचं चाक एका किलोमीटरला ४८८ फेऱ्या घेतं, नवं ५०४. म्हणजे मीटरवर १०० दिसतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९७ ने चाललेली असते, आणि ओडोमीटरवर हजार किलोमीटर पडतात तेव्हा गाडी ९६९ च्या आसपास गेलेली असते. किलोमीटरवर बांधलेली वॉरंटी आणि सर्व्हिस तेवढी आधी संपते. चूक उलट दिशेने झाली असती, म्हणजे टायर मोठा बसला असता, तर मीटर खरा वेग कमी दाखवू लागला असता, आणि ते जास्त वाईट. वेगमापकाबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात म्हणूनच मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये अशी अट आहे.

मापानंतरचा आकडा म्हणजे भारांक. ९२ म्हणजे योग्य हवा असताना एका टायरने पेलायचं वजन ६३० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. त्यापुढचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०. बसवलेला टायर वेगाला वरचा होता आणि वजनाला खालचा. हे लक्षात ठेवा, कारण गॅरेजवाल्याचं पहिलं उत्तर याच जागेवरून आलं.

कोणता मुद्दा घ्यायचा, कोणता नाही

घरात बातमी पसरल्यावर प्रत्येकाने आपापला मुद्दा आणला. टायर फुटेल. ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा बंद पडेल. अपघात झाला तर विम्याचा एक पैसा मिळणार नाही. ताईही घाबरली. तिला मी सांगितलं की यातलं काहीही आपण गॅरेजमध्ये बोलायचं नाही.

एका टायरमागे १५ किलोंनी टायर फुटत नाही. कंपनीचं स्टिकर पाळलं गेलं नाही, एवढंच म्हणणं खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. एबीएस चारही चाकांच्या फिरण्याच्या वेगाची एकमेकांशी तुलना करते. चारही चाकं सारखीच लहान असतील तर तिला गोंधळायचं कारण नाही. विम्याचं म्हणाल तर कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी भारांकाचा टायर असेल तर विचारणा करायला त्यांना एक जागा मिळते, पण दावा नाकारतीलच असं आपण कशाच्या जोरावर म्हणणार? तक्रारीत एक मुद्दा फुगवलेला निघाला की गॅरेजवाला त्यालाच धरतो, तो खोडून दाखवतो आणि बाकीचे खरे मुद्देही त्याच झपाट्यात वाहून जातात.

मला खरा धोका दिसत होता तो स्टेपनीचा, आणि तो कोणाच्याच मनात आला नव्हता. रस्त्यात पंक्चर झालं की स्टेपनी लागणार. ती जुन्या मापाची. मग एकाच आसावर एका बाजूला ६५२ मिलिमीटरचं चाक आणि दुसऱ्या बाजूला ६३२ चं. तो आस इंजिनची ताकद घेणारा असेल तर दर किलोमीटरला सोळा फेऱ्यांचा फरक डिफरन्शियलने, म्हणजे दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीने, सरळ रस्त्यावरही सतत सोसत राहायचा, आणि तेव्हा मात्र एबीएसला एक चाक कायम वेगळं फिरताना दिसणार. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये तर असा फरक पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या जोडणीचं नुकसान करू शकतो. म्हणजे या चार टायरमुळे ताईची चांगली स्टेपनी निरुपयोगी झाली होती. हे शांतपणे सांगण्यासारखं आहे आणि खोडता येत नाही.

उलटा बसलेला टायर हा मुद्दा सगळ्यात सोपा, शब्दच बाहेर दिसतो. पण मी ताईला बजावलं की तो आधी काढायचा नाही. ते पाच मिनिटांत टायर सुलटा करून देतील, "झालं मॅडम तुमचं काम" म्हणतील आणि तक्रार मिटली असं होऊन बसेल. शिवाय टायर रिमवरून उतरवला, पुन्हा चढवला की त्याच्या कडेवर खुणा पडतात. मापाचा निकाल लागेपर्यंत त्या टायरला हात लावू न देणं हेच बरं होतं. दोन टायर वेगळ्या आठवड्यांत बनलेले होते, तेही मी सोडून दिलं. टायरवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. ताईच्या टायरमध्ये काही आठवड्यांचा फरक होता आणि सगळे ताजे होते. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं.

आधी पुरावा

गॅरेजला फोन करण्याआधी आम्ही फोटो काढले. दाराचं स्टिकर, चारही टायरवरचं पूर्ण माप, त्या प्रत्येकाचा तारखेचा आकडा, स्टेपनीवरचं माप, उलट्या टायरवरचा शब्द, बिल, तो मेसेज, आणि ओडोमीटर. ओडोमीटरचा फोटो फार महत्त्वाचा. टायर बसवल्यापासून गाडी किती चालली हा वाद पुढे हमखास येतो. ताईची गाडी शे-दीडशे किलोमीटरच चालली होती आणि तिने त्या दिवसापासून ती गरजेपुरतीच बाहेर काढली. पूर्ण भरलेली गाडी घेऊन लांबचा प्रवास ठरला होता, तो तिने पुढे ढकलला. नाइलाजाने चालवणं आणि नेहमीसारखी चालवणं यात फरक आहे, आणि समोरच्याला तो दिसतो.

दुसऱ्या एका टायरच्या दुकानात जाऊन मी एक काम करून घेतलं. त्यांना मत विचारलं नाही. टायरवाल्याला दुसऱ्या टायरवाल्याबद्दल मत विचारलं की तो हवं तेवढं बोलतो, आणि त्या बोलण्याचा कवडीचा उपयोग होत नाही. मी एवढंच मागितलं: गाडीवर बसलेल्या टायरचं माप, स्टिकरवरचं माप आणि खाचेची मोजलेली खोली तुमच्या कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून द्या. दोन ओळींचा कागद. त्यात कोणाची निंदा नाही, म्हणून द्यायलाही त्यांना संकोच वाटला नाही.

पहिली भेट

ताई बोलली, मी बाजूला उभा राहिलो. गाडी तिची, बिल तिच्या नावाचं. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवर बघून सांगितलं, "मॅडम, या गाडीला हेच बसतात." ताईने स्टिकरचा फोटो दाखवला. तो आत जाऊन मालकांना घेऊन आला.

मालक वयाने मोठे, जुने, ताईला ओळखणारे. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "अहो, हा तर तुमच्या टायरपेक्षा वरचा टायर आहे. तुमचा एच, हा व्ही. आम्ही तुम्हाला चांगलाच दिलाय." हे ऐकून बरेच लोक गप्प बसतात, कारण ते अर्धं खरं असतं. ताई म्हणाली, "काका, वेगाला वरचा आहे, पण वजनाला खालचा आहे. स्टिकरवर ब्याण्णव आहे, हा एक्क्याण्णव. मी दोनशे चाळीसने गाडी चालवत नाही, पण माणसं आणि सामान भरते."

मग दुसरं उत्तर आलं: व्यासात तीन टक्क्यांचा फरक सगळीकडे चालवून घेतात. हा नियम बाजारात खरंच बोलला जातो. ज्याला मुद्दाम वेगळं माप बसवायचं असतं, रिम बदलायची असते, तो साधारण तीन टक्क्यांच्या आत राहतो. इथे फरक ३.१ होता, पण त्या दशांशावर आम्ही अडून बसलो नाही. तो नियम गाडीमालकाने स्वतः समजून-उमजून केलेल्या निवडीसाठी आहे. मालकाने मागितलं नसताना दुसऱ्याने केलेल्या चुकीला तो लागू करता येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या वादाचं मर्म इथेच आहे. "चालतं का?" हा प्रश्न गॅरेजला सोयीचा असतो, कारण टायरच्या बाबतीत बरंच काही बराच काळ चालतं. ग्राहकाने त्या प्रश्नात शिरूच नये. आपला प्रश्न एकच: जे मागितलं आणि गाडीच्या स्टिकरवर जे लिहिलंय, ते बसवलं की नाही?

यावर त्यांनी मेसेज काढला. "तुम्ही चालेल म्हणालात की." त्यांचा हा मुद्दा पोकळ नव्हता. ताईने होकार दिला होता. पण तिने होकार दिला तो २०५ आणि १६ ला, ते दोन्ही आकडे तिच्या जुन्या टायरचेही होतेच. ५५ हा आकडा तिला कोणी सांगितलाच नव्हता, मग त्याला तिचा होकार कसा? शिवाय टायर बसवताना जुना टायर कामगाराच्या हातात होता, नवा शेजारी होता आणि दाराचं स्टिकर चार पावलांवर. दोन्ही टायरवरची मापं ताडून बघणं हे बसवणाऱ्याचं काम आहे. सर्वसामान्य गाडीमालकाला मधल्या आकड्याचा अर्थ माहीत असावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, टायर विकणाऱ्याकडून ठेवता येते.

शेवटी मालक म्हणाले, "एकदा बसवलेला टायर कंपनी परत घेत नाही. मी काय करू?" यात मला त्यांची अडचण दिसली आणि ती खरी होती. चार टायर त्यांच्या अंगावर पडणार होते. तरीही ती अडचण त्यांची आणि त्यांना माल देणाऱ्याची. ताईने माल त्यांच्याकडून घेतला होता. त्यांनी मधला मार्ग म्हणून उलटा टायर सुलटा करून देतो, अलाइनमेंट फुकट करून देतो, पुढच्या सर्व्हिसला सूट देतो, असं सुचवलं. ताईने हो-नाही काही न म्हणता "मी लिहून पाठवते" असं सांगितलं आणि आम्ही निघालो. तिथल्या तिथे ताणून धरलं असतं तर कामगारांसमोर त्यांना माघार घ्यावी लागली असती, आणि ती कोणालाच जड जाते.

लिहिलेला मेसेज

त्याच संध्याकाळी ताईने पाठवलेला मजकूर, गाडीचा क्रमांक आणि तारखा वगळून, असा होता:

"नमस्कार. आपण माझ्या गाडीला चार टायर बसवले. मी फोनवर मॉडेल सांगून 'आहेत तसेच' टायर मागितले होते. गाडीच्या स्टिकरवर आणि स्टेपनीवर २०५/६० आर १६ ९२ एच हे माप आहे. बसवलेले टायर २०५/५५ आर १६ ९१ व्ही आहेत. त्यांचा व्यास सुमारे २० मिलिमीटरने आणि भारांक एकने कमी आहे. स्टेपनीचं माप आता बाकीच्या चाकांशी जुळत नाही. पुढचा एक टायर उलट बाजूने बसला आहे. हे चारही टायर काढून स्टिकरवरच्या मापाचे नवे टायर बसवून द्यावेत. फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसे पुन्हा घेऊ नयेत. ते शक्य नसेल तर टायर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. येत्या शनिवारपर्यंत यापैकी काय करणार ते कळवावं. तोपर्यंत मी गाडी कमीत कमी वापरत आहे. ओडोमीटरचा आणि बाकीचे फोटो सोबत आहेत."

यात "फसवणूक" हा शब्द नाही, धमकी नाही, विशेषणं नाहीत. तिच्या पहिल्या मसुद्यात होती. मी ती काढायला सांगितली, कारण हा मजकूर उद्या तिसऱ्या माणसाने वाचला, मग तो ग्राहक तक्रारीचं काम बघणारा अधिकारी असो की कार्डाने दिलेल्या पैशांबद्दलची हरकत तपासणारा बँकेचा माणूस, त्याला दोन मिनिटांत सगळं कळलं पाहिजे. मागणी एकच आणि स्पष्ट, दुसरी तिच्या खालोखाल, आणि एक दिवस ठरवून दिलेला. शनिवारपर्यंत उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी म्हणजे हाच मजकूर नोंदणीकृत पत्राने पाठवणं, मग ग्राहक तक्रार. ताईची तयारी होती.

पैसे परत मागण्याच्या पर्यायात एक व्यावहारिक अडचण होती. टायर परत दिले तर गाडी उभी कशावर राहणार? जुने भंगारात गेलेले. तो मार्ग धरला असता तर दुसऱ्या दुकानात नवे बसवून, काढलेले चार नेऊन द्यावे लागले असते. म्हणून आमची पहिली पसंती बदलून घेण्यालाच होती. जुने टायर गॅरेजमध्ये सोडायचे असले तरी नवे तपासून होईपर्यंत "आठवडाभर ठेवा" एवढं सांगितलेलं बरं.

तोडगा

मालकांचा फोन शनिवारच्या आधीच आला. आवाज बदललेला होता. त्यांनी बहुधा स्वतः स्टिकरचा फोटो नीट बघितला असावा. "टायर बदलून देतो, पण दोन गोष्टी आहेत," ते म्हणाले. एक, वापराबद्दल थोडी रक्कम कापावी लागेल. दोन, ६० च्या मापाचा टायर महाग आहे, फरक द्यावा लागेल.

वापराच्या कपातीला ताईने नकार दिला आणि तो मला पूर्ण पटला. गाडी त्या टायरवर चालली कारण गाडीला दुसरे टायर ठेवलेच नव्हते. शिवाय मोजमाप होतं. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते, त्यातली १.६ पर्यंतची वापरायची. शे-दीडशे किलोमीटरमध्ये होणारी झीज खोली मोजायच्या साध्या पट्टीवर दिसतही नाही. दुसऱ्या दुकानाच्या कागदावर खोली लिहिलेली होती, तो कागद पाठवल्यावर हा विषय तिथेच मिटला.

किमतीतल्या फरकावर मात्र ताईचं आणि माझं जुळलं नाही. तिचं म्हणणं, मेसेजमध्ये त्यांनी रक्कम सांगितली, मी मान्य केली, आता त्याच रकमेत बरोबर टायर द्यायला हवेत. माझं म्हणणं, पहिल्या दिवशीच बरोबर टायर मागवले असते तर तू तेवढे पैसे देणारच होतीस. चूक त्यांची, पण त्या चुकीतून तुला महाग टायर स्वस्तात मिळावा हेही बरोबर नाही. चुकीमुळे झालेला खर्च, म्हणजे पुन्हा काढणं, बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, व्हॉल्व्ह, तो सगळा त्यांनी सोसायचा, आणि मालाच्या किमतीतला खरा फरक आपण द्यायचा. ताईला ते मनापासून पटलं असं नाही. पण माल देणाऱ्याच्या बिलावरचा दोन्ही मापांचा दर दाखवा, फरक तेवढाच देते, अशी अट घालून तिने होकार दिला. त्यांनी बिल दाखवलं. फरक त्यांनी आधी तोंडी सांगितला होता त्यापेक्षा कमी निघाला.

बसवताना काय तपासलं

या वेळी टायर रिमवर चढवण्याआधी ताईने ते जमिनीवर आडवे ठेवलेले असतानाच वाचले. २०५/६० आर १६ ९२ एच, चारही. तारखेचे आकडे वहीत उतरवले. कामगार तरुण मुलगा होता. त्याने स्वतःहून दाराचं स्टिकर बघून प्रत्येक टायर ताडून घेतला, तेव्हा तिने त्याला धन्यवाद दिले. या टायरची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी होती, त्यामुळे आतबाहेरचा प्रश्न नव्हता, फिरण्याच्या दिशेचा बाणही नव्हता. हवा स्टिकरप्रमाणे भरली. नट हवेच्या बंदुकीने कसून सोडून न देता शेवटचे टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच कसणाऱ्या पान्याने, घ्यायला सांगितले, ते त्यांनी घेतले, आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासून घ्या असंही सांगितलं. टायरमधली हवा कमी झाल्याचं चाकाच्या फेऱ्यांवरून ओळखणारी यंत्रणा ज्या गाडीत असते, तिथे टायर बदलल्यावर ती नव्याने शिकवावी लागते. ताईच्या गाडीत ती होती, मेनूमध्ये जाऊन केली.

नवं बिल घेताना काउंटरवरचा मुलगा पुन्हा "टायर १६ इंची" लिहायला लागला. ताईने थांबवलं आणि पूर्ण माप, कंपनी, चारही टायरचे तारखेचे आकडे, आधीचं बिल रद्द केल्याची नोंद आणि ओडोमीटरचं रीडिंग लिहून घेतलं. चुकीचे चार टायर गॅरेजमध्येच राहिले. पुढे ढकललेला प्रवास तिने त्यानंतरच्या आठवड्यात केला, आणि परत आल्यावर नट पुन्हा तपासून घेतले. एकही सैल झाला नव्हता.